साडेसात इंचांची शांतता: बोलण्यात जन्म गेलेल्यांनी कविता कशी लिहावी

माझी पहिली कविता मी 61 व्या वर्षी लिहिली. त्याआधी 11 वर्षं रेडिओवर नैमित्तिक निवेदक होते आणि 33 वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. दोन्हीकडं पैसे मिळायचे ते बोलण्याचे. गप्प बसल्याबद्दल मला कुणी कधी दमडी दिली नाही.

आता महिन्याकाठी कुणीतरी गाठतंच. रंकाळ्यावर फिरताना, मंडईत, लग्नाच्या पंगतीत. बहुतेक जण निवृत्त शिक्षक, नाहीतर सूत्रसंचालन करणारे, एखादा जुना निवेदक. म्हणतात, "मॅडम, आतून काहीतरी येतंय, पण कागदावर उतरलं की भाषण होतंय. काय करायचं?" उभ्या-उभ्या तेच तेच सांगून माझे गुडघे दुखायला लागले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. ज्यांना विशीत कविता सुचली आणि अजून सुचतेय, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

आधी थोडा धीर. माइक आणि खडू हातात धरल्यानं कविता मरते, असं आपल्याकडं उगाच बोललं जातं. बा. सी. मर्ढेकर इंग्रजीचे प्राध्यापक होते, 1938 साली रेडिओत गेले, पुढच्याच वर्षी त्यांचा 'शिशिरागम' आला आणि 1947 च्या 'काही कविता'नंतर मराठी कविता पहिल्यासारखी राहिली नाही. रेडिओसाठी त्यांनी संगीतिकाही लिहिल्या. आपल्या कोल्हापूरचं उदाहरण हवं असेल तर माधव ज्यूलियन. राजाराम कॉलेजात फारसी शिकवायचे. मराठी छंदांची त्यांनी अशी काही मोजणी केली की 'छंदोरचना' या ग्रंथावर 1938 साली मुंबई विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली, आणि हाच माणूस एकीकडं प्रेमकविता लिहीत होता. एवढं खरं, की या दोघांच्या आयुष्यात कविता नोकरीच्या बरोबरीनं चालत होती. आपल्याकडं ती नोकरी संपल्यावर आलीय, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या सवयी घेऊन आलीय. त्यातल्या कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या, एवढाच प्रश्न आहे.

कामाला लागा. नवी वही आणू नका. नव्या कोऱ्या वहीत हमखास 'जीवन' नाहीतर 'आई' या विषयावर कविता होते. माळ्यावरचं खोकं खाली काढा.

माझ्याकडं बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात जुन्या क्यू शीटच्या प्रती, श्रोत्यांची पोस्टकार्डं, आणि कॉलेजातल्या टिपणांचा एक गठ्ठा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, क्यू शीट म्हणजे त्या सभेचा सगळा हिशोब: किती वाजता काय लागणार, किती मिनिटं-सेकंदांचं. सभा म्हणजे भाषणांची नव्हे. रेडिओच्या दिवसाचे तीन भाग असायचे, त्यांना सभा म्हणतात. त्या कागदांच्या पुढच्या बाजूला वेळा. मागच्या बाजूला, रेकॉर्ड वाजत असताना मी केलेली खरड. "पाऊस. एसटी चुकली." "घड्याळाखाली पाल, कालपासून तिथंच." "आज माइकला कुणाच्या तरी तपकिरीचा वास." टिपणांच्या समासातही असंच: "इथं पोरं हसतात." "तिसऱ्या बाकावरची आज आली नाही. तिचं ठरलं म्हणे."

हे मागच्या बाजूचं आणि समासातलं उतरवून काढा. जसंच्या तसं. पुढच्या बाजूचं तुम्ही आयुष्यभर बोलून बसलाय, त्यात आता रस राहिलेला नाही. मी आठ दिवसांत 40 ओळी उतरवल्या. त्यातल्या 37 टाकाऊ निघाल्या. तिसऱ्या बाकावरची राहिली.

आता आवाजाचं. हे जरा सावकाश सांगते, कारण माझी निम्मी वर्षं याच्यातच गेली.

माझं माहेर मंगळवार पेठेतलं. आमच्याकडं बायका "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो" असंच बोलतात. बाहेरगावच्या माणसाला ते पुरुषी वाटतं, आम्हाला त्यात काही वाटत नाही. आजी तसंच बोलायची, आई तसंच. आकाशवाणीचं सांगली केंद्र 1963 साली सुरू झालं तेव्हा मी पाच वर्षांची होते. रेडिओतली बाई "मी सांगते" म्हणते हे ऐकून मी आईला विचारलं होतं, ही अशी का बोलते? आई म्हणाली, "शिकलेली हाय ती." पुढं मीच शिकलेली झाले. रेडिओवर "आले, गेले, सांगते", कॉलेजात "आले, गेले, सांगते", आणि घरात चप्पल काढली की "आलो गं!" अशी दोन तोंडं 40 वर्षं सांभाळली.

1984 च्या पावसाळ्यात एका सकाळी मी निवेदन केलं, रेकॉर्ड सुरू केली आणि माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, खाली घ्यायचा राहिला. शेजारच्या सहकाऱ्याकडं वळून म्हणाले, "आईशपथ, मी आज डबाच विसरून आलो!" गाण्याच्या सुरुवातीच्या सुरांवर ते अख्ख्या तीन जिल्ह्यांत गेलं. ड्युटी रूममध्ये जी बोलणी खायची ती खाल्ली, चूक माझीच होती. पण त्या आठवड्यात एक पोस्टकार्ड आलं. कागल तालुक्यातल्या कुणा बाईचं, पेन्सिलीनं लिहिलेलं. "ताई, तुमी आमच्यातल्याच की. रोज ऐकतो पण कळालंच न्हवतं. डबा इसरत जाऊ नका."

11 वर्षांत माझ्या शुद्ध निवेदनाबद्दल असं पत्र एकही आलं नाही.

तर करायचं असं. जी ओळ लिहाल ती दोनदा म्हणा. एकदा माइकसमोर म्हणाल तशी, एकदा चप्पल काढता काढता म्हणाल तशी. दुसरी जिवंत वाटली तर तीच ठेवा. मात्र याचा अर्थ सगळी कविता "लई भारी" आणि "नाद खुळा"नं भरायची असा नाही. बाहेरच्यांना दाखवायला वापरलेली बोली ही रेडिओच्या शुद्ध भाषेपेक्षा खोटी असते. माझ्या अख्ख्या संग्रहात "आलो" हा शब्द तीनच ठिकाणी आहे. तिथं दुसरं काही बसत नव्हतं म्हणून आहे.

रेडिओची एक सवय मात्र डोळे झाकून ठेवा. एकाच माणसाशी बोलण्याची. आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "समस्त श्रोतृवर्ग" असं मनात आणू नका; चुलीपुढं बसलेली एक बाई डोळ्यांपुढं आणा आणि तिला सांगा. वर्गात ही सवय मोडते. समोर 80 पोरं असली की आवाज मागच्या बाकापर्यंत फेकावा लागतो आणि फेकलेल्या आवाजात कविता होत नाही, घोषणा होते. मी अजून कागलच्या त्या बाईलाच लिहिते. तुम्ही तुमचं माणूस शोधा. ते हयात असलंच पाहिजे असं नाही.

आता शांतता.

आमच्या वेळी ध्वनिमुद्रण स्पूलवर व्हायचं. पाव इंच रुंदीची तपकिरी टेप, आणि ती मशिनवर सेकंदाला साडेसात इंच या वेगानं पळायची. भाषण देणारे लोक मध्येच खाकरायचे, "आपलं ते हे" म्हणायचे. ते काढायला टेप हातानं पुढं-मागं करून आवाज नेमका कुठं सुरू होतो ते ऐकायचं, पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, टेप पितळी खाचेत बसवून ब्लेडनं तिरपी कापायची आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोडायची. तिरपी अशासाठी, की सरळ कापली तर जोडावर टक् असा आवाज येतो. या कामात मला पहिल्यांदा कळलं की शांततेला लांबी असते. ती बोटांत धरता येते. एक सेकंद म्हणजे साडेसात इंच, माझ्या वितीपेक्षा जरा जास्त. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मुलाखतीत त्याला विचारलं होतं, "मुलं काय करतात?" तो गप्प राहिला, मग म्हणाला, "हायत की." मधली शांतता मी मोजली. 30 इंच. नवीन होते, हात शिवशिवत होते, वेळ वाचवायचा म्हणून मी त्यातली 20 इंच कापली. ऐकलं तर म्हातारा खोटारडा वाटायला लागला. केराच्या टोपलीतून तो तुकडा शोधून काढून परत जोडला.

खरं तर हे मला लहानपणीच कळायला हवं होतं. आमच्या घरापासून खासबाग मैदान हाकेच्या अंतरावर. मोठी कुस्ती असली की कर्ण्यावरचं समालोचन गच्चीत ऐकू यायचं. बाबा डोळे मिटून ऐकायचे. समालोचक डावांची नावं घेत सुसाट बोलत असायचा आणि एकदम गप्प व्हायचा. बाबा म्हणायचे, "पडला." मग गर्दीचा आवाज यायचा आणि त्यावर हलगी. चितपट झाल्याचं समालोचक कधी सांगायचाच नाही, त्याला सांगायची गरज नसायची.

कवितेत याचं काय करायचं? ओळ कुठं तोडायची हे डोळ्यांनी ठरवू नका. कविता मोठ्यानं म्हणा आणि जिथं आपोआप थांबाल तिथं तोडा. दोन कडव्यांमध्ये मोकळी जागा सोडली असेल तर म्हणताना तिथं खरोखर थांबा, मनात "एक, साडेसात इंच" असं मोजा. थांबणं अवघडल्यासारखं वाटलं तर ती जागा फुकटची आहे, कडवी जोडून टाका.

आता मास्तरांचा रोग. समजावून सांगण्याचा. हा सगळ्यात चिवट, आणि माझा अजून पुरता गेलेला नाही.

माझी पहिली कविता 2019 च्या पुरातली. सासर शुक्रवार पेठेत. त्या ऑगस्टात जामदार क्लबच्या बाजूनं पाणी चढायला लागलं, वीज गेली. आम्ही वरच्या मजल्यावर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर गेली की धोका, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. शेजारचा मुलगा मोबाइलवर आलेला आकडा जिन्यातून ओरडून सांगायचा. तेवढाच शब्द. मला आमची सभा आठवायची. त्या वर्षी आकडा 55 च्या वर गेला. पाणी ओसरल्यावर मी लिहिलं ते असं होतं:

पंचगंगा कोपली होती
तिला कोण समजावणार?
माणसाच्या हव्यासाचा हा
हिशोब कोण चुकवणार?
सासूबाईंनी पाट उचलला
तो केवळ पाट नव्हता
तो होता अवघा संसार!

हसा. मीही हसले, पण दोन महिन्यांनी. त्या दोन महिन्यांत ती मी तीन ठिकाणी वाचली आणि टाळ्याही घेतल्या, ते सांगायला नको.

ती दुरुस्त कशी केली ते दाखवते. लाल पेन घेतलं आणि विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तशी बसले, फक्त उलट्या बाजूनं. ज्या ओळीखाली मी वर्गात "छान, स्पष्टीकरण उत्तम" असं लिहिलं असतं, ती ओळ काढायची. "तो केवळ पाट नव्हता" हे तर थेट माझ्या गाइडछाप शिकवण्यातलं वाक्य. 33 वर्षं मी मुलांना सांगत आले की इथं दिवा म्हणजे केवळ दिवा नाही, वाट म्हणजे केवळ वाट नाही. गेलं. "हव्यासाचा हिशोब" हे अग्रलेखाचं, तेही गेलं. नदी कोपली का हे मला काय ठाऊक? मी माळ्याच्या शिडीवर होते. ते गेलं. उद्गारचिन्ह गेलं. राहिलं काय, तर पाट उचलणाऱ्या सासूबाई आणि जिन्यातला आकडा:

त्रेचाळीस.
सासूबाईंनी देवापुढचा पाट
माळ्यावर टाकला.

चव्वेचाळीस.
पाटावरचं कुंकू
अजून ओलं.

आकडे अक्षरांत का, असं एका तरुण कवीनं विचारलं होतं. निवेदकाची खोड आहे ती. संहितेत आकडा अंकांत असला की वाचताना जीभ अडखळते, म्हणून आम्ही सगळे आकडे अक्षरांत लिहून घ्यायचो. शिवाय 43 दिसतो छोटा. "त्रेचाळीस" म्हणायला तोंड पुरतं उघडावं लागतं.

तुमच्या कवितेवर हाच प्रयोग करा. शेवटच्या दोन ओळी झाका. अर्थ पोचतो? मग त्या मास्तरांच्या होत्या. पहिल्या दोन झाका. तरी पोचतो? मग त्या निवेदकाच्या, "तर श्रोतेहो, आता ऐकू या" या जातीच्या. दहातल्या आठ कवितांत दोन्हीकडून कापावं लागतं, निदान माझ्या तरी.

छंदाबद्दल थोडक्यात सांगते. मुक्तछंदातच लिहायचं असलं तरी महिनाभर अभंग लिहा. जन्मभर फळ्यावर गण पाडून दाखवले म्हणून आपल्याला छंद येतो हा भ्रम असतो. मला तो करवीर नगर वाचन मंदिरात 'छंदोरचना' परत उघडल्यावर कळला. मोठ्या अभंगाचा हिशोब सोपा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं.

पाणी आलं दारी
चूल गेली वरी
मांजर पायरी
मोजतंय

बोटांवर मोजून बघा, बसतं. शेवटच्या चरणात दोन अक्षरं कमी पडतात आणि नेमकी तिथंच जागा राहते. गाताना तिथं टाळ ऐकू येतो. मर्ढेकरांनी यंत्रयुगाची कविता लिहिताना अभंग-ओवीचं वळण का धरलं, ते मला शिकवताना कधी नीट कळलं नव्हतं. चार अक्षरांशी झटताना कळलं.

कविता झाली की ती ऐका. गादीवर बसा, डोक्यावरून वाकळ घ्या, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा. समोर धरलात तर "पंचगंगा" म्हणताना प चा फटका बसतो. उन्हाळ्यात हे करू नका, घुसमटतं. ध्वनिमुद्रण करून फोन ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना ऐका. लक्षपूर्वक ऐकायचं नाही. ज्या ओळीला हात थांबला ती ओळ चांगली. ज्या ओळीला तुमचा स्वतःचा आवाज छान वाटला, ती संशयित. आपला आवाज कमावलेला असतो, तो पंचांगसुद्धा भावपूर्ण वाचतो. म्हणून मी एकदा नातवाकडून वाचून घेते. तो ठसका लागल्यासारखा वाचतो. त्याच्या तोंडून जी टिकली ती पाठवायची.

पाठवायची कुठं? दिवाळी अंकांना, उन्हाळ्यातच, एका वेळी तीन. उत्तर येत नाही, ते गृहीत धरा. संग्रहाची घाई करू नका. माझ्याकडं एका प्रकाशकानं आधी पैसे मागितले आणि वर सुचवलं की तुमच्या रेडिओच्या आठवणी घाला मधेमधे, विकलं जाईल. मी डबा उचलला आणि परत आले. नंतर दुसरीकडं झालं, 64 पानं, निम्म्या प्रती अजून माळ्यावर आहेत. कविसंमेलनात प्रस्तावना करू नका. "ही कविता मला कशी सुचली" हे सांगायला माइक हातात आला की आपलं जुनं रक्त उसळतं, मला ठाऊक आहे. नाव सांगा आणि वाचा.

आणि एक शेवटची तपासणी, जी मी फार उशिरा केली. ज्या माणसाबद्दल लिहिलंय, त्याला वाचून दाखवा. पुराची ती कविता छापून आल्यावर मी सासूबाईंना वाचून दाखवली. 85 वर्षांच्या होत्या तेव्हा. तांदूळ निवडत ऐकलं, एक खडा बाजूला काढला आणि म्हणाल्या, "पाट न्हवता त्यो. चौरंग हुता. पाट तुझ्या माहेरचा, त्यो भिजला खालीच."

संग्रहात मी चौरंग केला. आता "चौरंगावरचं कुंकू अजून ओलं" एका श्वासात जात नाही, मध्ये थांबावं लागतं. थांबते.